उत्तरकुमाराचे वारस

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा संपादक मित्रांचा दूरध्वनी आला, तेव्हा नेहमीप्रमाणे लसीकरण, अतिसार किंवा बालदमा यांपैकी काहीतरी लिहून मोकळे व्हावे, असे मनात आले. गेली पंचवीस वर्षे मी हेच विषय आलटून पालटून लिहीत आलो आहे आणि आपण सर्वांनी ते सोशिकपणे वाचलेही आहेत. या वेळी मात्र एका खेळाबद्दल लिहिणार आहे. बालरोगतज्ज्ञाने संगणकावरील खेळाची बाजू घ्यावी, हे काही सहव्यवसायी बंधूंना रुचणार नाही. मलाही ते आधी रुचले नव्हते आणि त्या न रुचण्याची किंमत माझ्या एका बालरुग्णाला मोजावी लागली की काय, ही रुखरुख आजही गेलेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे गाव मोहगाव. अर्धनारीश्वराच्या देवळामुळे दूरदूरचे लोक आमच्या गावाला ओळखतात. कागदोपत्री आम्ही मध्य प्रदेशात, पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात आणि २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात. पण घरात मराठी, शेतात संत्री आणि मोठ्या दुखण्याला नागपूर, हा आमचा जीवनक्रम राज्यांच्या सीमारेषांनी फारसा बदललेला नाही.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एक शेतकरी गृहस्थ आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा अंगाने किरकोळ, मान खाली घातलेला. ताप नाही, खोकला नाही. वडिलांचीच तक्रार मोठी होती.

"साहेब, याले काहीतरी औषध द्या. पुण्याच्या भावानं जुना कंप्युटर देल्ला, तवापासून हा त्याच्यापुढंच बसून रायते. शाळेत मार्क गेले, वावरात येत नाई. एकटाच हासते!"

"काय खेळतोस रे?" मी विचारले.

"एक हिरो आहे, काका. पण त्याला काहीच येत नाही."

उत्तर विचित्र होते. परंतु बाहेर तीस रुग्ण खोळंबले होते. मी डोळे तपासले, वजन केले, जंताचे औषध लिहिले आणि वडिलांना ठणकावून सांगितले, "तो संगणक उचलून माळ्यावर टाका. मर्दानी खेळ खेळू द्या पोराला. मुलांत मिसळू द्या." वडिलांना हेच ऐकायचे होते. मुलाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. माझी ही 'चिठ्ठी' लिहायला दोन मिनिटेही लागली नसतील.

पोळ्याचा दुसरा दिवस

आपल्या भागात पोळ्याच्या पाडव्याला दोन सोहळे एकाच दिवशी होतात. सकाळपासून लहान मुले लाकडी बैल सजवून तान्हा पोळा साजरा करतात. कोणी डोक्याला फेटा बांधून शेतकरी होतो, कोणी मिशा रंगवून पाटील. आणि त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झेंडा मिळवण्यासाठी आणि राखण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला पळवून नेत असताना नदीत गाठला गेला, अशी कथा सांगतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या चरणी जातो. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयोगही प्रशासनाने करून पाहिला. लोकांनी तो मनावर घेतला नाही. श्रद्धेच्या विषयावर निवाडा देण्याचा मला अधिकार नाही. मात्र जखमा शिवण्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे.

त्या वर्षी मीही मदतीला गेलो होतो. दुपारी दोनच्या सुमारास चौघांनी एका मुलाला उचलून आणले. डाव्या भुवईवर खोल जखम, डोळा सुजून मिटलेला, सदरा रक्ताने भिजलेला. रक्त पुसले तेव्हा ओळख पटली. माझाच रुग्ण.

टाके घालताना मी विचारले, "तू इथे कशाला आलास?"

"तुम्हीच म्हटलं होतं ना काका, मर्दानी खेळ खेळ म्हणून."

माझा हात थांबला. क्षणभराने तो पुढे म्हणाला, "त्या खेळात पडलो की पुन्हा सुरू करता येत होतं."

डोळा वाचला. जखम अर्धा इंच खाली असती, तर हा लेख मी लिहू शकलो नसतो. संगणक बंद केला म्हणून तो नदीवर गेला, असे सरळ गणित मी मांडत नाही. त्याचा थोरला भाऊ दरवर्षी जात होता, मित्र जात होते. तो तसाही गेला असता. पण मी त्याच्या हातातून काय काढून घेतले, हे न पाहताच काढून घेतले होते, एवढे मात्र खरे. निदान करण्याआधी उपचार करू नये, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो.

काहीच न येणारा नायक

टाके काढायच्या दिवशी मी दवाखाना लवकर बंद केला आणि त्याच्या घरी गेलो. संगणक माळ्यावरून उतरवला. धूळ झटकली. त्याने मला तो खेळ दाखवला.

खेळ जुना निघाला. 'सिएरा ऑन-लाइन' या अमेरिकी कंपनीने १९८९ साली तो काढला. लोरी कोल आणि कोरी कोल हे पती-पत्नी त्याचे रचनाकार. आरंभी त्याचे नाव 'हिरोज क्वेस्ट' होते. त्याच नावाशी मिळताजुळता एक पटावरचा खेळ बाजारात असल्याने पुढे ते 'क्वेस्ट फॉर ग्लोरी' असे बदलले. या मालिकेचे पाच भाग निघाले, पाचवा १९९८ मध्ये. एका भागात घडवलेला नायक त्याच्या कमावलेल्या गुणांसह पुढच्या भागात नेता येतो. पहिल्या भागाच्या उपशीर्षकाचा आशय असा, की 'म्हणजे तुम्हाला वीर व्हायचे आहे तर!' त्यातला खवचट सूर आपल्याकडच्या एखाद्या आजोबांचा वाटावा.

याचा नायक राजपुत्र नाही, दैवी अंशाचा नाही. त्याने वीरपणाचे शिक्षण चक्क टपालाने घेतले आहे! खेळाबरोबर येणारी माहितीपुस्तिकाही अशा पत्रद्वारा शाळेच्या पाठ्यपुस्तकाच्या थाटात लिहिलेली. हे प्रमाणपत्र घेऊन तो स्पीलबर्ग नावाच्या दरीत येतो. तिथल्या सरदाराचा मुलगा आणि मुलगी दोघेही बेपत्ता आहेत, दरोडेखोरांनी वाटा अडवल्या आहेत, रानात कोंबडीच्या पायांवर उभ्या झोपडीत बाबा यागा ही रशियन लोककथांतली चेटकीण राहते. अशा ठिकाणी आपला वीर काय करतो? झाडावर चढायला जातो आणि पडतो. दगड मारतो, तो भलतीकडेच जातो. पैसे नाहीत म्हणून गढीच्या तबेल्यात घोड्यांची लीद काढतो आणि चार नाणी मिळवतो.

आमच्या या बालमित्राने नायकाचे नाव 'भीम' ठेवले होते. हा भीम माझ्यासमोर सात वेळा झाडावरून पडला. आठव्यांदा फांदीपर्यंत पोहोचला. खेळाची मेख इथेच आहे. प्रत्येक प्रयत्नाने, फसलेल्यासुद्धा, ते ते कौशल्य थोडे वाढते. चढता चढता चढणे येते, फेकता फेकता नेम साधतो, लीद काढता काढता अंगात बळ येते. वरदान नाही, संजीवनी नाही, निव्वळ सराव.

वैद्यकीय दृष्टीने मला आणखी एक गोष्ट भावली. या नायकाला भूक लागते, झोप लागते. धावला, लढला की दम कमी होतो आणि विश्रांती न घेता रेटत राहिला तर तो खचतो. रात्री गावाची वेस बंद होते. बाहेर राहिलेल्याने निर्धास्त झोपायचे तर सुरक्षित जागा शोधावी लागते. रानाच्या कडेला एक वैदूबाई आहे. ती औषधे विकते, रानातली फुले विकत घेते आणि शापमुक्तीचा काढाही तीच करते. बेपत्ता मुलगी हीच मुळी दरोडेखोरांची नायिका झालेली असते, शापाच्या अंमलाखाली. तिला तलवारीने मारून खेळ जिंकता येत नाही. वैदूबाईचा काढा वापरून तिला सोडवावे लागते. समस्त वैद्यकवर्गाला अभिमान वाटावा असाच हा प्रसंग आहे.

खेळात योद्धा, जादूगार किंवा चोर, यांपैकी कोणतीही भूमिका घेता येते. आमच्या मित्राने एकदा चोराची भूमिका घेतली आणि कुलूप उघडण्याची सळई नाकात घालण्याचा हुकूम दिला. कौशल्य अपुरे असल्याने नायक जागीच गतप्राण! मी खुर्चीवरून पडेस्तोवर हसलो. माझ्या उभ्या आयुष्यात मुलांच्या नाकातून हरभऱ्याचे दाणे, मणी, खोडरबराचे तुकडे आणि एकदा गौरीच्या मखरातला मोती काढला आहे. नाकात काही घालू नये, हा उपदेश इतक्या परिणामकारकपणे मला कधीच करता आला नव्हता.

आणखी एक गोष्ट वडिलांना ठाऊक नव्हती. या जुन्या आवृत्तीत हुकूम इंग्रजीत टंकलिखित करावे लागतात. चुकीचा शब्द गेला की यंत्राला काही समजत नाही. मुलगा हिंदी माध्यमात शिकणारा, घरी मराठी बोलणारा. संगणकाच्या शेजारी फाटका शब्दकोश आणि एक वही होती. वहीत तीनशेच्या वर इंग्रजी शब्द, समोर मराठी अर्थ, स्वतःच्या हाताने लिहिलेले. 'एकटाच हासते' या लक्षणाचा उलगडा त्या वहीत होता. नायक फजीत झाला की खेळ त्याची थट्टा करतो आणि ती थट्टा समजण्यापुरते इंग्रजी या मुलाने कमावले होते.

आपलाच जुना परिचय

परतताना वाटेत सारखे वाटत होते, की या नायकाला आपण ओळखतो. मग आठवले: विराटपुत्र उत्तर!

कौरवांनी विराटाच्या गाई वळवून नेल्या. राजा दुसऱ्या आघाडीवर गेलेला. अंतःपुरात बसून उत्तरकुमार म्हणतो, चांगला सारथी असता तर मी एकटाच त्यांना धूळ चारली असती. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन सारथी म्हणून मिळतो. बहीण उत्तरा आणि तिच्या सख्या निघताना फर्माईश करतात, कौरवांची उंची वस्त्रे आमच्या बाहुल्यांसाठी आणा. जणू बाजाराला निघालेल्या दादाला सांगावे! आणि समोर भीष्म, द्रोण, कर्ण यांची सेना दिसताच कुमारांच्या अंगावर काटा येतो, ते रथातून उडी टाकून पळत सुटतात. अर्जुन धावत जाऊन पकडतो, समजावतो, घोड्यांचे लगाम हाती देतो. लढतो अर्जुन, रथ हाकतो उत्तर.

आपल्याकडे या प्रसंगावर पिढ्यान्‌पिढ्या हसू फुटत आले आहे. पण कथा तिथे संपत नाही. परतल्यावर बाप लेकाच्या पराक्रमाचा गजर करत असतो, तेव्हा हाच मुलगा सांगतो, की विजय माझा नव्हे. आणि पुढे कुरुक्षेत्राच्या पहिल्याच दिवशी तो शल्यावर चालून जातो आणि रणात पडतो. या खेपेस पाठ न दाखवता. मधल्या काळात त्याने पळालेला उत्तर लपवला नाही, विसरला नाही. फजिती पचवलेला माणूस होता तो.

मराठीने ही परंपरा चांगली जोपासली. चिं. वि. जोशींचे चिमणराव धाडसाला निघतात आणि गुंड्याभाऊंसह हटकून तोंडघशी पडतात. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी ते घराघरात पोहोचवले. दादा कोंडके यांच्या १९७१ च्या 'सोंगाड्या'तला भाबडा नाम्या त्याच कुळातला. भूमिका घेऊन खेळण्याचा प्रकारही आपल्याला नवा नाही. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे आणि कागद घेऊन खेळायचा भूमिकाखेळ प्रसिद्ध केला आणि संगणकावरच्या अशा खेळांचे ते मूळ ठरले. पण राजा-प्रधान-शिपाई-चोराच्या चिठ्ठ्या उडवणाऱ्या, भातुकलीत सासू होणाऱ्या आणि तान्ह्या पोळ्यात पाटील होणाऱ्या आपल्या मुलांना त्यातले मर्म कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

इथे एक कबुली देतो. मी अकरा वर्षांचा असताना चुलत भावांबरोबर लपून गोटमारीला गेलो होतो. खिशात गोटे भरले होते. झेंडा मीच आणणार, असे आदल्या रात्री सर्वांना सांगितले होते. पहिला दगड माझ्यापासून हातभर अंतरावर पडला आणि मी जो पळालो, तो एका ओळखीच्या काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन थांबलो. त्यांनी काही न विचारता करंजी हातावर ठेवली. घरी मात्र मी सांगितले, की दोन तास लढलो! ही गोष्ट मी चाळीस वर्षे कोणाला सांगितली नाही. 'मर्दानी खेळ खेळू द्या' हा सल्ला त्या मुलाला मी दिला, तेव्हा तो बहुधा स्वयंपाकघरात लपलेल्या पोराने दिला होता.

आपण चिठ्ठीत काय लिहावे

सहव्यवसायी बंधुभगिनींनो, धोके मला ठाऊक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत खेळाच्या विकृतीचा समावेश केला आहे. ती आवृत्ती २०१९ मध्ये संमत झाली आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण तिथले निकष आपण नीट वाचावेत. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळालाच अग्रक्रम मिळणे आणि नुकसान होत असूनही खेळ चालूच राहणे, हे सर्व सामान्यतः बारा महिने दिसावे लागते. 'पोरगा खेळतो' हा निकष त्यात नाही.

दुसरीकडे, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये खेळाच्या सामर्थ्यावर अहवाल काढून डॉक्टरांनी खेळाचीही चिठ्ठी लिहून द्यावी असे सुचवले. बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने एकतिसाव्या कलमात खेळण्याचा हक्क मान्य केला आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांचे प्रतिपादन असे, की सोंग घेऊन खेळताना मूल आपल्या वयाच्या पुढचे वागून पाहते. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते, की ते हरूनही पाहते. ज्याला हरण्याचा सराव नाही, तो पहिल्याच पराभवाला जीवन-मरणाचा प्रश्न करतो. परीक्षेच्या निकालानंतरचे दिवस आपण सर्वांनी पाहिले आहेत.

म्हणून आता असे मूल आले, की मी चार प्रश्न विचारतो. काय खेळतोस, मला दाखवशील का? त्यात हरल्यावर काय होते? खेळासाठी झोप, जेवण, शाळा, मित्र यांपैकी काय सुटले? आणि खेळ बंद केल्यावर तू कुठे जाशील? चौथा प्रश्न मी भुवईवरच्या त्या सात टाक्यांकडून शिकलो. या प्रश्नांना दहा मिनिटे लागतात. बाहेर रुग्ण खोळंबलेले असतात, हे मान्य. तरीही ती द्यावीत.

त्या मुलाच्या बाबतीत आम्ही तिघांनी बसून तह केला. रोज तासभर खेळ, अभ्यास झाल्यावर. रविवारी वडिलांबरोबर वावरात. आणि रात्री नऊनंतर भीमालाही झोप. वडिलांनी एक अट घातली, की खेळात काय चालले आहे ते त्यांना मराठीत सांगावे लागेल. पंधरा दिवसांनी ते दवाखान्यात आले, ते औषधासाठी नव्हते.

"साहेब, तो भीम आता झाडावर चढते," त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले. "पण अजून लय मार खाते."

आज तो मुलगा नागपूरला शिकतो. पोळ्याला गावी येतो. गेल्या पाडव्याला तो घरी आला होता, तेव्हा गल्लीतल्या पोरांचे लाकडी बैल रंगवून देत होता. एका चिमुकल्याच्या मिशा घामाने ओघळून हनुवटीपर्यंत आल्या होत्या आणि तो पाटील रडकुंडीला आला होता. याने त्या पुसल्या, कोळशाने पुन्हा काढल्या आणि म्हणाला, "चाल, पुन्हा सुरू कर." भुवईवरची खूण अजून दिसते. लांबून, जाम नदीच्या दिशेने, रुग्णवाहिकेचा आवाज येत होता. मी पिशवी उचलली आणि निघालो.